बारा चव्वेचाळीसची शिट्टी

शनिवारी दुपारी बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी छगनआप्पा आपल्या घराच्या गच्चीवर शिट्टी तोंडात धरून उभे होते. डोक्यावर हिरवी टोपी, छातीवर 'ऊर्जा मित्र' असा बिल्ला, हातात मोबाईल आणि नजर मोबाईलमधल्या घड्याळावर. खाली सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत साठ घरं होती आणि जवळजवळ प्रत्येक घरात या क्षणी एकेक बाई घरघंटीच्या, म्हणजे घरच्या पिठाच्या चक्कीच्या, बटणावर बोट ठेवून उभी होती. हे असं का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. शिट्टीला अजून एक मिनिट आहे, तेवढ्यात सांगून होईल.

आप्पांनी एकतीस वर्षं वीज कंपनीच्या सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सबस्टेशन काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. "एकतीस वरीस, पन मन्या हातनं एक डाव बी लाइट गयी नही!" हे वाक्य गल्लीतल्या पोरासोरांना पाठ होतं. गल्लीत कुठंही लग्न असो, बारसं असो, आप्पा जेवायला बसले की वरणभाताच्या आधी हे वाक्य वाढलं जायचं. माणसाला आयुष्यात मिरवायला एक तरी गोष्ट लागते. आप्पांकडे नेमकी एकच होती, त्यामुळे ते ती रोज वापरत.

मग वीज कंपनीनं वस्तीवस्तीत स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. गल्लीतल्या अकरा घरांवर सोलरच्या पाट्या बसल्या होत्या, सगळ्या शहरात बसत होत्या. दुपारी सूर्याची वीज उतू जायची आणि संध्याकाळी, लोक कामावरून घरी येऊन पंखे-टीव्ही-मिक्सर लावायचे तेव्हा, नेमकी कमी पडायची. म्हणून जड यंत्रं दुपारी चालवा, असं लोकांना समजावायचं होतं. आप्पांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. त्यांना टोपी मिळाली, बिल्ला मिळाला आणि एक शिट्टी मिळाली. शिट्टी कशासाठी, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

उद्या रविवारी घरोघर कानबाई, खानदेशची कुलदेवी, बसणार होती. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसानं घर बदललं, काम बदललं, त्याची पोरं घरात हिंदी-गुजराती बोलायला लागली, पण कानबाईचा रोट काही बदलला नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, ते धुतलेल्या चक्कीवर दळायचे आणि त्या पिठाचा रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा. पूर्वी कोपऱ्यावरचा गिरणीवाला या दिवशी गिरणी धुऊन द्यायचा आणि बायका रांग लावायच्या. गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान झालं, तेव्हापासून घरोघर घरघंटी आली.

"आप्पा, औंदा घंटी कवळ लावानी?" पलीकडच्या मालतीबाईंनी गुरुवारी विचारलं होतं. मालतीबाई म्हणजे गल्लीची आकाशवाणी.

"दुपारले लावा. सूर्यानी वीज फुकट जाई ऱ्हायनी."

"दुपारले म्हंजे कितला वाजता?"

दुसरा कुणीही म्हणाला असता, दुपारी कधीही लावा. पण आप्पांनी एकतीस वर्षं रजिस्टरात प्रत्येक गोष्ट मिनिटासकट लिहिली होती. 'कधीही' हा शब्द त्यांना अशुद्ध वाटायचा. त्यांनी मोबाईलवर शोधलं, चष्मा वरखाली केला आणि सांगितलं, "शनवारे बारा वाजी चव्वेचाळीस मिंटले सूर्य बरोबर डोकावर शे."

मालतीबाईंनी तो मुहूर्तच मानला. रात्रीपर्यंत तो साठ घरांत पोचला, आणि पोचता पोचता त्याला धारही आली: बारा चव्वेचाळीस, एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. आप्पांच्या कानावर हे आलं. त्यांना ते सुधारता आलं असतं. पण आपला शब्द लोक एवढा पाळतात हे पाहून त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी गल्लीच्या ग्रुपवर खणखणीत आवाजात निरोप पाठवला: "सर्व्या मायबहिणीसले विनंती. घाई करू नका. बरोबर येळले मी स्वता शिट्टी देसू!"

तर, झालं मिनिट. आप्पांनी शिट्टी फुंकली.

घराघरांतून एकाच वेळी घुरर्र असा आवाज उठला. आप्पांच्या अंगावर शहारा आला. एवढी आज्ञाधारक गल्ली उभ्या सुरतेत नसेल, असं त्यांच्या मनात आलं. ते पुरतं मनात येऊन बसायच्या आत कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं धाड्कन आवाज केला, एक निळी ठिणगी कावळ्याला उडवून गेली आणि घुरघुर खाली खाली येत थांबली. पंखे थांबले. टीव्ही थांबले. शिट्टी तेवढी अजून आप्पांच्या तोंडातच होती.

काय झालं, ते त्यांना पहिल्या क्षणीच कळलं. न कळून कसं चालेल? मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट वीज ओढते, म्हणून कधी सगळं एकदम चालू करायचं नसतं, हे त्यांनी स्वतः किती शिकाऊ पोरांना शिकवलं होतं. आणि आज त्यांनी गल्लीभरातल्या मोटरी एका शिट्टीवर सुरू केल्या होत्या.

जिन्यावरून खाली उतरताना आप्पांनी मनाशी ठरवलं, सरळ सांगून टाकायचं. माझं चुकलं. तीन पायऱ्यांत तीन वेळा त्यांनी ते वाक्य घोळवलं. पण खाली दारात निम्मी गल्ली जमली होती, आणि सगळे त्यांच्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघत होते.

"आप्पा, काय व्हयनं हो? तुमले तं बठ्ठं समजस!"

त्या 'बठ्ठं समजस'नं, सगळं कळतं म्हणण्यानं, घात केला. आप्पांनी तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर आलं.

"कोनीतरी मोठा लोड टाकेल शे."

"कोनी?"

आप्पांनी कुणाचंही नाव घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी फक्त समोर पाहिलं. समोर धर्मेंद्रची नवी कोरी ई-रिक्षा उभी होती आणि तिची चार्जिंगची वायर खिडकीतून घरात गेली होती. आप्पांनी जिकडे पाहिलं तिकडे सगळ्यांनी पाहिलं.

धर्मेंद्र कापडाच्या लूमवर कारागीर होता. लूम विकून मालक दुसऱ्या धंद्याला लागला, तेव्हा त्यानं ही रिक्षा घेतली. त्याच्या घरची कानबाई गावाला थोरल्या भावाकडे बसायची, आणि यंदा नवी रिक्षा सोडून त्याला जाता आलं नव्हतं. म्हणजे साऱ्या गल्लीत आज ज्याला दळण नव्हतंच, असा हा एकटा माणूस. तो गर्दीच्या मागं उभा होता. सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्या हे पाहून त्यानं आधी आपल्या मागं कुणी आहे का ते पाहिलं.

"मनी रिक्षा?" तो म्हणाला.

धर्मेंद्रनं एकदा आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं, गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून गेला आणि खिडकीतली वायर काढली. परत येऊन त्यानं हात जोडले. "चुकी व्हयनी. आते लावाव नही."

लोक पांगले. आप्पा घरात आले आणि खुर्चीत बसले. घाम पुसायला टोपी काढली, तर टोपीचा हिरवा रंग कपाळाला लागला होता. सरलाबाईंनी ताट वाढलं. ताटात वांग्याची भाजी होती, बाजरीची भाकरी होती, आणि आप्पांना यांतलं काहीही दिसत नव्हतं.

"जेवा नं."

"भूक नही."

"सकायपाईन तं उड्या मारी ऱ्हायनतात," सरलाबाई म्हणाल्या आणि हातपंख्यानं स्वतःलाच वारा घालत बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या आप्पांना कधी रागावल्या नव्हत्या. त्या नुसत्या वारा घालायच्या.

खिडकीतून गल्ली दिसत होती. धर्मेंद्र घरोघरी जाऊन माफी मागत होता. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, हात जोडायचा, दोन शब्द बोलायचा, पुढच्या दारी जायचा. प्रत्येक दारी आप्पांचा जीव थोडा थोडा खाली जात होता. आता हा आपल्याकडे येणार, हे त्यांना दिसत होतं. मागच्या दारानं निघून जावं असं त्यांना वाटलं, पण त्या घराला मागचं दार नव्हतं.

धर्मेंद्र आला. "आप्पा, मन्यामुये तुमले बी तरास व्हयना. सनना दिन..."

"नही रे, नही..." आप्पा खुर्चीतून अर्धे उठले, अर्धे बसले. "तू... तू दुपारले काबर लावतस चार्जिंग?"

हे आपण काय विचारलं, ते त्यांना विचारल्यावर कळलं.

"तुमीनच तं सांगं व्हतं, आप्पा. रातले नको लावू, दुपारले लाव म्हनीसन." धर्मेंद्र अगदी साधेपणानं म्हणाला. वर "येस मी", येतो, म्हणून निघूनही गेला.

आप्पांना जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. शाळेत असताना गुरुजींनी चोरलेल्या पेरूसकट पकडलं होतं, तेव्हाही नाही. तेव्हा निदान पेरू त्यांच्या खिशात होता. आज पेरू त्यांनी दुसऱ्याच्या खिशात टाकला होता आणि तो दुसरा येऊन त्यांचीच माफी मागून गेला होता.

तीनच्या सुमारास वीज कंपनीची गाडी आली. गाडीतून उखा वायरमन शिडी घेऊन उतरला आणि त्याच्यामागं ज्युनिअर इंजिनिअर उतरली. तिला पाहून आप्पांनी खिडकीचा पडदा ओढला. ती गायत्री होती. पाच वर्षांपूर्वी ती सबस्टेशनवर शिकायला आली होती, तेव्हा आप्पांनीच तिला खुर्चीवर बसवून, बोट नाचवून शिकवलं होतं.

पण पडद्याला कुठं एवढी ताकद असते? "काका इथंच राहतात ना?" असा आवाज आला आणि आप्पांना टोपी-बिल्ल्यासकट बाहेर यावं लागलं.

"काका! बरं झालं तुम्ही आहात. फ्यूज तर गेलाच, वर जंपरची तार पण जळालीय. दोन तासांचं काम आहे." मग तिनं गर्दीकडे वळून विचारलं, "नक्की झालं काय?"

"रिक्षा व्हती, मॅडम," मालतीबाई म्हणाल्या.

"हो, हो, रिक्षाच," चार-पाच बायका म्हणाल्या.

उखानं रिक्षाकडे पाहिलं. "मॅडम, हे चार्जर घरच्या मीटरवर आहे. परवानगी दिसत नाही. कनेक्शन कापून टाकू?"

धर्मेंद्रची बायको सुषमा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. रिक्षा चार्ज झाली नाही तर सोमवारपासून त्या घरात काय शिजणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. गायत्रीनं टॅब्लेट काढला आणि नव्या मीटरांचा आलेख उघडला.

"एक मिनिट. काका, हे बघा तुम्ही." तिनं टॅब्लेट आप्पांसमोर धरला. आलेखावरची रेघ सकाळपासून आडवी, शहाण्यासारखी चालली होती. बारा चव्वेचाळीसला ती विजेच्या खांबासारखी सरळ उभी राहिली होती, आणि तिथंच संपली होती. "एका रिक्षेनं असं होईल का? ही पन्नास-साठ मोटरी एकाच मिनिटात सुरू झाल्यात. एक कुणी आधी नाही, एक कुणी नंतर नाही. मी तर असं पुस्तकात पण पाहिलं नाही." तिनं गर्दीवर नजर फिरवली. "तुम्हाला ही वेळ कुणी दिली?"

कुणी आकाशाकडे बघायला लागलं, कुणी चपलेकडे. मालतीबाईंच्या तोंडातून आवाज निघत नाही, हे दृश्य गल्लीनं प्रथमच पाहिलं.

"कोणी नाही? मग मला रिपोर्टमध्ये काहीतरी लिहावं लागेल," गायत्री म्हणाली. "उखाभाऊ, सध्या रिक्षाचं नाव लिहा. परवानगी नाहीच, चार्जर काढून ठेवा."

उखा पक्कड घेऊन निघाला. चार पावलं गेला. आप्पांना ती चारही पावलं छातीवर पडल्यासारखी वाटली.

"थांब रे!" ते ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की उखाच्या हातून पक्कड पडली. "मी दिधी टाइम. मी गच्चीवर उभा ऱ्हाईसन शिट्टी मारी. धर्माना काही संबंध नही. माले पहिल्या सेकंदाले समजनं व्हतं, तरी मी गप बसनू. लाज वाटी ऱ्हायनी माले."

आप्पांनी डोळे मिटले. आता हसतील, आता शिव्या देतील, आता निदान 'अरे बाप रे' तरी म्हणतील.

"आमले माहीत शे, आप्पा," मालतीबाई म्हणाल्या.

आप्पांनी डोळे उघडले.

"शिट्टी आम्हीनच आयकी नं. आम्ही काय बहिऱ्या शेतस का?"

"मग... रिक्षा काबर सांगं?"

मालतीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमनं तोंड पाह्यनं आनि कोनले बोलवायनं नही. मंग ग्रुपवर ठरनं, की आप्पासनं नाव घेवानं नही."

"ग्रुपवर? माले तं मेसेज उना नही!"

पुन्हा सगळ्यांना आकाशात काहीतरी दिसलं. मग मागून धर्मेंद्र हळूच म्हणाला, "दुसरा ग्रुप शे, आप्पा."

"कोनता दुसरा?"

"तुमीन नहीत तो."

आप्पा त्याच्याकडे वळले. "आनि तू? तुले माहीत व्हतं, तरी तू घरघर हात जोडत फिरना?"

"आप्पा, तुमनं एकतीस वरीसनं नाव शे," धर्मेंद्र म्हणाला. "मनी रिक्षा कालदिन उनी. तिनं काय नाव खराब व्हई?"

आप्पांनी टोपी काढली आणि ती उगीच झटकत राहिले. गायत्रीनंही टॅब्लेट बंद केला. उखाला तिनं ट्रान्सफॉर्मरकडे पिटाळलं, आणि धर्मेंद्रला सोमवारी चार्जरच्या परवानगीचा अर्ज घेऊन यायला सांगितलं. मग ती आप्पांकडे वळली.

"काका, तुम्ही मला काय शिकवलं होतं? लाइट परत आल्यावर काय करायचं?"

आप्पा पोरासारखे पुटपुटले, "येकेक करीसन लावानं. बठ्ठं एकदम नही."

"मग साठ घरं आहेत, चार-चार घरं घ्या. शिट्टी आहेच तुमच्याकडे."

पाच वाजता वीज आली. त्यानंतर गल्लीनं जे पाहिलं ते अजून सांगितलं जातं. आप्पा कोपऱ्यावर उभे राहिले. एक शिट्टी वाजली की चार घरं लागायची, दोन शिट्ट्या वाजल्या की ती थांबायची आणि पुढची चार लागायची. "आप्पा, मनी सव्वा मूठ ऱ्हायनी, आजून अर्धी शिट्टी द्या!" अशा हाका यायला लागल्या. एका घरात पाचच मुठी होत्या आणि बाई उगीच वेळ लावते म्हणून शेजारणीनं आप्पांकडे तक्रार केली. आप्पांनी शिट्टी तोंडातून न काढता हातानं न्याय दिला. लोक हसत होते. आप्पांना ते हसू झोंबत होतं आणि त्यात वाईट काही नाही हेही कळत होतं, त्यामुळे जास्तच झोंबत होतं.

देवापुढं दिवा लावायच्या वेळेला अठ्ठावन्न घरं झाली. धर्मेंद्रकडे दळण नव्हतंच, उरलं ते घर आप्पांचं होतं. फुंकून फुंकून गाल दुखत असताना ते घरी आले.

"काढ व गहू. आपला नंबर उना."

सरलाबाईंनी कोपऱ्यातल्या पितळी डब्यावरचं पांढरं फडकं उचललं. खाली पीठ होतं. बारीक, थंडगार, केव्हाचं दळलेलं.

"हाई कवळ दळं?"

"सकाये आठलेच."

"मंग बारा चव्वेचाळीसले आपली घंटी चालू व्हती, मी स्वता आयकी!"

सरलाबाईंनी मान फिरवली. "रिकामी फिरावी. तुमीन गच्चीवर शिट्टी वाजाडशात आनि आपलाच घरमा आवाज नही, तं लोके काय म्हनतीन तुमले?"

आप्पा खाली जमिनीवरच बसले. म्हणजे साऱ्या गल्लीत त्यांचा शब्द न मानणारं एकच माणूस होतं, ते त्यांच्या घरात होतं. आणि तेही त्यांची लाज राखायला ट्रान्सफॉर्मरवर भार टाकत होतं.

"त्या दुसरा ग्रुपमा तू शे का?" त्यांनी विचारलं.

"मीच काढेल शे तो."

"माले घेशी का त्यामा?"

सरलाबाईंनी विचार केला. अगदी खरोखर केला. "तुमले घिदं, तं मंग आम्ही बोलसूत कोठे?"

आप्पांना यावर राग यायला हवा होता, पण आज त्यांच्याकडे राग शिल्लक नव्हता. ते उठले. गव्हाच्या पिंपात हात घातला, मूठभर गहू काढून ताटलीत ठेवले, मग चिमटीनं वर पाव मूठ घातले.

"हाई कोनं?" सरलाबाईंनी विचारलं. "आपला घरना माणसं तं व्हई गयात. तुमनं, दोन्ही पोरेसनं, नातूनं."

"धर्मानं."

रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, हे सरलाबाईंनी आप्पांना सांगायची गरज नव्हती आणि आप्पांनी त्यांना. धर्मेंद्रचं गाव वेगळं, कुळ वेगळं. त्यांनी एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग उठून ओल्या फडक्यानं घंटी आतून बाहेरून पुसून घेतली आणि बाजूला झाल्या.

आप्पांनी गहू आत ओतले. बटणावर बोट ठेवलं, आणि थांबले. खिडकीतून वाकून त्यांनी सबंध गल्लीचा कानोसा घेतला. कुणाचीही घंटी चालू नव्हती. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी खुंटीला टांगली, आणि बटण दाबलं.

मागं सरलाबाईंच्या मोबाईलचा आवाज आला. त्या कुणाला तरी काहीतरी लिहीत होत्या. आप्पांनी वळून पाहिलं नाही.